उपकाराचा हप्ता: सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचं प्रकरण

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यातलं आहे. दोन्ही बाजूंना विचारूनच लिहितोय, नावं टाकत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. कारखानदाराला शेठ म्हणतो, विणकराला अण्णा आणि त्यांच्या बायकोला अक्का, तिथं सगळे तसंच म्हणतात. शेठ माझा शाळेपासूनचा मित्र, अण्णा-अक्का आमच्या मागच्या गल्लीत राहतात, आणि मी कॉलेजात पोरांना नीतिशास्त्र शिकवतो म्हणून दोघांनी मला बैठकीला बसवलं.

प्रश्न तसा छोटा आहे. एखाद्याने अडचणीत पैसे दिले, बिनव्याजी दिले, जीव वाचवायला दिले, तर ते फिटेपर्यंत घेणाऱ्याने त्याच्याच दारात राबलं पाहिजे का?

काय झालं

शेठचे बारा माग आहेत, सगळे टेरी टॉवेलचे. त्याचे आजोबा तेलंगणातून आले, हातमागावर बसले, वडलांनी यंत्रमाग घेतले आणि याने शेड वाढवली. अण्णांचे आजोबाही तिकडूनच आलेले, तेही हातमागावरच बसले, फक्त त्या घराला स्वतःचे माग कधी घेता आले नाहीत. दोघं पद्मशाली, दोघांच्या घरात तेलुगू, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांच्या रथोत्सवात दोघंही असतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं "आपलाच माणूस आहे" या एका वाक्यावर चाललं.

अण्णा चौदा वर्षं त्याच शेडमध्ये. पीसरेटवर काम, म्हणजे जेवढा माल काढला तेवढी मजुरी, महिन्याला सरासरी १४,००० च्या आसपास पडायचे. अक्का विड्या वळतात. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, आणि हजार विड्या पुऱ्या करायच्या तर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मान वर काढायला मिळत नाही. त्यांना एकच मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची होती.

त्या मुलीचं अपेंडिक्स रात्री फुटलं. दोन दिवस पोटात दुखत होतं, गल्लीतल्या डॉक्टरची गोळी चालू होती, आणि तिसऱ्या रात्री ती एकदम पांढरीफटक पडली. जे जवळचं खाजगी हॉस्पिटल होतं तिथं नेलं, लगेच ऑपरेशन, नंतर आयसीयू. सिव्हिलला का नेलं नाही, सरकारी योजनेत का नाही बसवलं, हे सगळं वर्गातल्या पोरांनी मला विचारलं, पण लेकरू हातात निपचित पडलेलं असताना बाप योजनेची यादी बघत बसत नाही. डिपॉझिट लागणार होतं. अण्णांनी शेठला फोन लावला, रात्रीचे तीन वाजले होते, आणि शेठ स्कूटरवर स्वतः आला. घरात बायकोच्या भिशीचे पैसे आले होते ते घेऊन आला. पुढच्या चार दिवसांत मिळून ९०,००० दिले. कागद नाही, व्याज नाही. "आधी पोरगी बरी होऊ दे, पैशाचं बघू नंतर" एवढंच म्हणाला आणि सकाळपर्यंत अण्णांबरोबर हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून राहिला.

पोरगी वाचली. यातलं काहीही कुणी कधी नाकारलं नाही, अण्णांनी नाही, अक्कांनी तर नाहीच.

मग आठवड्याच्या पगारातून ५०० कापायला सुरुवात झाली. ७२ आठवडे कापले, म्हणजे ३६,००० फिटले, बाकी राहिले ५४,०००. शेठच्या डायरीत ते सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे, पै-पैचा हिशोब आहे, त्यात एका रुपयाचीही लबाडी नाही.

पण डायरीत जे लिहिलेलं नाही ते खरं प्रकरण आहे. रात्रपाळीचा माणूस आला नाही की "अण्णा, आज थांब की जरा". रविवारी टेम्पो भरायचा असला की अण्णा. शेठच्या घरी लग्न निघालं तेव्हा अक्का आठ दिवस स्वयंपाकघरात, त्या आठ दिवसांच्या विड्या बुडाल्या आणि हातात एक साडी पडली. मजुरीचा रेट वाढवला तेव्हा बाकीच्या विणकरांना वाढवून दिला, अण्णांना म्हणाला "तुझं काय, तू घरचा, तुझं बघू". महिन्याला साधारण ८०० चा फरक पडत होता आणि तो अकरा महिने तसाच राहिला. यातल्या एकाही गोष्टीला शेठने हुकूम केला नव्हता, आवाज चढवला नव्हता. घरच्या माणसाला सांगावं तसं सांगायचा, आणि अण्णा एकदाही नाही म्हणाले नाहीत. मी अण्णांना विचारलं, का नाही म्हणाला नाहीत? ते म्हणाले, "सर, तोंड उघडायला गेलं की पोरगी समोर दिसते."

या उत्तरापाशी मी बराच अडलो, अजूनही अडतो.

पुढे चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रॅपिअर लूमवर, म्हणजे बिनधोट्याच्या नव्या मागावर, माणसं पाहिजे होती. आठ तासांची शिफ्ट, १६,५०० पगार, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, जायला-यायला गाडी. अण्णांना ते काम मिळत होतं. त्यांनी शेठला सांगितलं तर शेठ म्हणाला, "जा की, कोण अडवलंय तुला? माझी बाकी टाक आणि जा." ५४,००० एकरकमी कुठून आणणार. आणि वर शेठने त्या दुसऱ्या कारखानदाराला फोन केला की माझी बाकी आहे, त्याला घेऊ नका.

तो दुसरा माणूस व्यवहारी. तो म्हणाला, मी तुझी बाकी भरतो, अण्णांना माझ्याकडे पाठव, माझ्या पगारातून कापून घेईन. इथे अण्णा पहिल्यांदा नाही म्हणाले. "मग फरक काय पडला? परत तेच. उद्या तिथनं निघायचं म्हटलं तर तो पण असंच म्हणणार." एवढं बोलून ते घरी बसले, ना इकडे कामाला ना तिकडे, आणि मग बैठक ठरली.

शेठचं म्हणणं

शेठला खलनायक करून हे प्रकरण वाचायचं नाही. वर्गात पहिल्या दहा मिनिटांत पोरं तेच करतात आणि मग शिकण्यासारखं काही उरत नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे येऊन बसला होता. म्हणाला, "मी काय चुकीचं केलो बे? बँक दिली असती का त्याला रात्री तीन वाजता? सावकाराकडं गेला असता तर महिन्याला पाच टक्क्यानं घेतला असता. मी एक रुपया व्याज घेतलो नाही. आणि सूत महागलंय, ऑर्डर नाहीत, माझा पैसा अडकलाय ते कुणाला दिसत नाही." हे सगळं खरं आहे. आणि मग त्याने जे विचारलं ते मला त्याच्या बाजूचं सगळ्यात वजनदार वाटतं. "आज हा बाकी ठेवून गेला तर उद्या दुसऱ्या कुणाच्या पोरीला काही झालं तर मी देईन का? तूच सांग, देईन का?"

कारण लहान कारखान्यात उचल ही एकच गोष्ट आहे जी रात्री तीन वाजता मिळते. शेठ लोकांनी ती द्यायची बंद केली तर सगळ्यात आधी मार अण्णांसारख्यांनाच बसणार. कृती बरी की वाईट हे तिच्या सगळ्यांवर होणाऱ्या परिणामांवरून ठरवा असं इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन स्टुअर्ट मिल म्हणायचा, आणि त्या मापाने बघितलं तर शेठची भीती हसण्यावारी न्यायची नाही. विश्वास तुटला तर नुकसान एकट्या शेठचं होत नाही, मागे रांगेत उभे असणाऱ्या सगळ्यांचं होतं.

पण बारकाईने बघितलं तर या युक्तिवादातून एवढंच निघतं की पैसे परत आले पाहिजेत. अण्णा त्याच शेडमध्ये राहिले पाहिजेत हे त्यातून निघत नाही. या दोन गोष्टी शेठच्या डोक्यात एकमेकांना इतक्या चिकटल्या होत्या की त्याला त्या वेगळ्या दिसतच नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर सोलापुरात, इचलकरंजीत, मालेगावात, जिथे जिथे माग चालतात तिथे त्या बहुतेकांना वेगळ्या दिसत नाहीत.

बैठक

बैठक शेठच्या ऑफिसात झाली. शेठ, त्याचा मुलगा, अण्णा, अक्का, समाजातले एक ज्येष्ठ काका आणि मी. अर्धं बोलणं तेलुगूत झालं, मला कळलं तेवढं मराठीत सांगतो.

शेठने सुरुवातच तिथून केली, "त्या रात्री कोण आलं होतं?" अण्णा खाली बघत बसले. दुसऱ्यांदा विचारलं, तरी खालीच. काका म्हणाले, "अण्णा, माणसाने जाण ठेवावी." मग अक्का बोलल्या. विड्या वळून वळून त्यांची पाठ कायमची वाकलीय, पण त्या दिवशी ताठ बसल्या होत्या.

"शेठ, तुमी आला नसता तर माझी पोरगी गेली असती. हे मी देवापुढं पण म्हणते. पण हे रोज म्हणायचं का मी? रविवारी टेम्पो भरताना म्हणायचं, रात्रपाळीला म्हणायचं, तुमच्या घरी भांडी घासताना म्हणायचं? पैशाचा हप्ता लावलाव, पाचशे रुपये, आम्ही देतोय. तसा उपकाराचा पण एक हप्ता लावून द्या. किती, ते सांगा. एक दिवस संपंल तरी."

कुणी काही बोललं नाही. शेठचे डोळे भरले, आणि मी खात्रीने सांगतो की तो नाटक करत नव्हता, त्याला ते खोल लागलं. "मी कधी मागितलो का उपकार?" म्हणाला. आणि खरंच, त्याने तोंडाने कधी मागितला नव्हता.

शेठचा मोठा भाऊ मधेच येऊन गेला, तो म्हणाला, "आम्ही काय दामाजीपंत नाही कोठार उघडून द्यायला." आपल्या मंगळवेढ्याचं नाव निघालं म्हणून सगळे जरा सैल झाले. पण अण्णांनी कोठार मागितलंच नव्हतं. त्यांनी बैठकीत एकदाही पैसे माफ करा म्हटलं नाही, उलट तीनदा म्हणाले की एक रुपया बुडवणार नाही. दामाजीपंतांची गोष्ट लोक सांगतात ती दुष्काळात बादशाहाचं धान्य वाटलं म्हणून, पण धान्य नेणाऱ्यांकडून त्यांनी नंतर काय मागितलं याबद्दल त्या गोष्टीत एक अक्षर नाही, आणि ती गोष्ट एवढी टिकली त्यात याचाही वाटा आहे असं मला वाटतं.

आता मुद्द्याचं

अ‍ॅरिस्टॉटलने उपकार करणाऱ्याबद्दल एक फार खरी गोष्ट लिहून ठेवलीय. ज्याच्यावर उपकार झाला त्याचं देणाऱ्यावर जेवढं प्रेम असतं त्यापेक्षा देणाऱ्याचं घेणाऱ्यावर जास्त असतं. लोक म्हणतात ते सावकारासारखं आहे, कर्जदार जगावा असं सावकाराला वाटतंच. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो तसं नाही, कारागिराचं जसं स्वतःच्या हाताने घडवलेल्या गोष्टीवर प्रेम असतं तसं हे आहे, परतफेड मिळो न मिळो. शेठला अण्णांबद्दल जे वाटतं ते हेच आहे. त्याला ती पोरगी शाळेत जाताना दिसली की आपण काहीतरी केलंय असं वाटतं. हे प्रेम खोटं नाही.

पण शेठ एकाच वेळी दोन माणसं होता. ५४,००० पुरता तो सावकार होता, बिनव्याजी का होईना, आणि त्या रात्रीपुरता तो उपकारकर्ता होता. सावकाराला मागायचा हक्क असतो, रक्कम मागायची, वेळेत मागायची, कागद करून मागायची. उपकारकर्त्याला मागायचा हक्कच नसतो. शेठने काय केलं, तर सावकाराच्या वहीत उपकाराची वसुली चालू केली, आणि तिची रक्कम कुठे लिहिलेलीच नसल्यामुळे ती कधी फिटणारच नव्हती. रविवारचा टेम्पो, रात्रपाळी, लग्नातले आठ दिवस, न वाढवलेला रेट, यातलं काहीच त्या ५४,००० मधून वजा झालं नाही हे बघा. मग ते कशापोटी गेलं?

आपल्याकडे हे कुणाला नवीन सांगायला नको. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार सांगितलेत, उलट उपकाराची आशा नसताना, द्यायचं म्हणून दिलेलं ते सात्त्विक, आणि परतफेडीवर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. ज्ञानोबांनी त्यावर म्हटलंय की हे म्हणजे दूध मनात धरून गाईला चारा घालण्यासारखं. आता शेठ त्या रात्री दूध मनात धरून आला होता का? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. त्या रात्रीचं देणं सात्त्विकच होतं. ते नंतर बिघडलं, हळूहळू, आठवड्या-आठवड्याने, आणि हीच गोष्ट मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आपण देणं चांगलं की वाईट हे देतानाच्या क्षणावरून ठरवतो आणि नंतरची दोन वर्षं बघतच नाही. रोमन तत्त्ववेत्ता सेनेका म्हणायचा की देणाऱ्याने ताबडतोब विसरावं आणि घेणाऱ्याने कधी विसरू नये. अण्णांनी त्यांचा अर्धा भाग पाळला होता.

आता जर्मन तत्त्ववेत्ता कांट, कारण पोरं परीक्षेत एकच वाक्य लिहितात की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, आणि पुढे गप्प बसतात. १७८५ च्या पुस्तकात त्याने खोट्या वचनाचं उदाहरण दिलंय, परत करणार नाही हे माहीत असून जो पैसे मागतो तो देणाऱ्याला साधन बनवतो, कारण खरा हेतू माहीत असता तर देणारा हो म्हणालाच नसता. या प्रकरणात तेच उलट्या बाजूने बघा. अण्णांनी पैसे फेडायला हो म्हटलं होतं. फिटेपर्यंत इथेच राहीन याला कधी हो म्हटलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. काका बैठकीत म्हणाले, "ते काय बोलायचं असतं का? समजून घ्यायचं असतं." मला नेमकं हेच मान्य नाही. जी अट बोलली गेली नाही तिला माणूस संमती कशी देणार? आणि समजा शेठने त्या रात्री बोलून दाखवली असती, तर आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या बापाच्या हो ला संमती म्हणायचं का?

इथे कायदा आपल्या नीतीच्या पुढे गेलेला आहे. वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा कायदा जमीनदार-वेठबिगार एवढ्यापुरता आहे असं लोकांना वाटतं. त्यातली व्याख्या वाचा. उचल घेतली म्हणून माणसाला दुसरीकडे काम करायचं स्वातंत्र्य सोडावं लागलं, ठरावीक मुदतीसाठी असो की बेमुदत, तर ते त्यात येतं. करार लेखी असायची गरज नाही, तोंडी चालतो, गृहीत धरलेला पण चालतो. आणि १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सक्ती म्हणजे काठीच लागते असं नाही, गरिबीने दुसरा पर्यायच ठेवला नसेल तर तीही सक्तीच. शेठला हे मी वाचून दाखवलं तेव्हा तो हबकला. मी त्याला वेठबिगारी ठेवणारा म्हणत नव्हतो आणि आताही म्हणत नाही, अण्णा रोज घरी जात होते, मजुरी मिळत होती, कुणी कोंडलं नव्हतं. पण "बाकी टाक आणि जा" अधिक "त्याला घेऊ नका" हे दोन एकत्र केले की काय तयार होतं ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं असं मला वाटत होतं. तो फोन केला नसता तर प्रकरण वेगळं असतं. पैसे मागणं हा त्याचा हक्क, पण ज्याच्याकडून पैसे यायचे त्याची कमाईची दारं बंद करणं हा कुणाचाच हक्क नाही.

आणि ईएसआय

आता एक गोष्ट जी बैठकीत कुणी काढली नाही आणि शेवटी अण्णांनीच दबक्या आवाजात काढली. "मालक, तिकडं ईएसआय आहे. तेव्हा आपल्याकडं असता तर तुमाला रात्री यायला लागलं नसतं."

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ईएसआय लागू होतो, पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर. मालकाने ३.२५ टक्के भरायचे, कामगाराने ०.७५ टक्के. १४,००० पगारावर मालकाचे ४५५ आणि कामगाराचे १०५ होतात, म्हणजे मिळून महिन्याला ५६०, आणि त्यात घरच्यांचे उपचार येतात. अण्णा आठवड्याला ५०० भरत होते. शेठच्या शेडमध्ये माणसं दहाच्या वर आहेत, पण कागदावर दोन युनिट, सहा माग त्याच्या नावावर आणि सहा बायकोच्या, त्यामुळे दोन्हीकडे आकडा दहाच्या खाली. सगळेच करतात, असं तो म्हणाला.

कांटने १७९७ च्या पुस्तकात एक प्रश्न विचारून तसाच उघडा ठेवलाय. श्रीमंताकडे द्यायला जे असतं ते बऱ्याचदा व्यवस्थेतल्या अन्यायामुळेच त्याच्याकडे आलेलं असतं, आणि त्याच अन्यायामुळे दुसऱ्याला त्याच्या मदतीची गरज पडते, मग त्या मदतीला उपकार म्हणायचं का? मी हा प्रश्न वर्गात टाकला तर निम्मी पोरं लगेच म्हणाली, सर, मग विषयच संपला, जे द्यायलाच पाहिजे होतं ते दिलं नाही आणि नंतर तेच उसनं दिलं, उपकार कसला?

मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. पैशापुरतं ते बरोबर आहे, त्या ९०,००० चा बराच भाग हा अण्णांचा हक्कच होता, तो हक्क बुडाल्यामुळे कर्ज झाला, आणि त्या कर्जामुळे माणूस अडकला. ही साखळी शेठने कधी बघितली नव्हती आणि आता त्याला बघावी लागली. पण रात्री तीन वाजता स्कूटर काढून येणं, सकाळपर्यंत बाकड्यावर बसणं, हे कुठल्याही कायद्यात बसत नाही, त्यावर अण्णांचा हक्क नव्हता, ते शेठने स्वतःच्या मनाने केलं. त्याबद्दल अण्णांनी आयुष्यभर कृतज्ञ राहावं असं मलाही वाटतं, आणि ते आहेत. कांट तर कृतज्ञतेला पवित्र कर्तव्य म्हणतो, कितीही फेडलं तरी पहिल्यांदा हात पुढे करण्याचा मान देणाऱ्याकडेच राहतो असं म्हणतो. पण तोच माणूस त्याच पुस्तकात देणाऱ्यालाही सांगतो की मदत अशी करा की घेणाऱ्याला खाली बघावं लागू नये, जणू काही आपण फार मोठं केलं नाही, जे द्यायचं होतं तेच दिलं असं वागा. कृतज्ञता हे अण्णांचं कर्तव्य आहे, शेठची येणी नाही. अण्णा ती कशी दाखवतील, दिवाळीला घरी जाऊन की पोरीला त्या रात्रीची गोष्ट सांगून, हे अण्णांनी ठरवायचं. दुसऱ्याने ती टेम्पो भरण्याच्या रूपात ठरवून दिली की तिथे कृतज्ञता उरत नाही, मजुरी उरते, आणि तीही न दिलेली.

"आपलाच माणूस" या गोष्टीबद्दल पण बोललं पाहिजे. शेठ आणि अण्णा वेगळ्या समाजाचे असते तर रेट वाढवताना शेठ अण्णांना वगळू शकला नसता, लगेच बोंब झाली असती. घरचा म्हणून वगळता आलं. घरचा माणूस हिशोब मागत नाही, आणि मागितलाच तर तोच वाईट ठरतो, काकांनी जाण ठेवायला सांगितलं ते अण्णांना, शेठला नाही. पण घरचा असण्याचा फायदा कुठल्या दिशेने वाहतो ते तपासायची एक साधी रीत आहे, अण्णा शेठला "आज तुम्ही थांबा, मी घरी जातो" असं कधी म्हणू शकले असते का? नसतील म्हणू शकले तर मग तिथे मालक आणि कामगारच आहेत, आणि मालक-कामगाराचे नियम दोघांनी पाळलेले बरे.

काय ठरलं, काय नाही

शेठच्या मुलाने मार्ग काढला. एका साध्या कागदावर लिहिलं की ५४,००० येणे आहेत, अण्णा नवीन पगारातून महिन्याला २,००० थेट शेठच्या खात्यात भरतील, २७ महिने, व्याज नाही, आणि अण्णा कुठे काम करतात याचा या पैशाशी संबंध नाही. हे शेवटचं वाक्य मी घालायला लावलं आणि काका त्यावर नाराज झाले, एवढं लिहायची काय गरज म्हणाले. मला वाटतं सगळ्या कागदात तेवढंच एक वाक्य खऱ्या गरजेचं होतं. शेठने तिथेच बसून चिंचोळीला फोन केला आणि घ्या म्हणून सांगितलं. अण्णा आता तिकडे जातात, हप्ते वेळेवर जातायत.

रेटच्या फरकाचं मात्र मिटलं नाही. अकरा महिने, महिन्याला ८००, म्हणजे ८,८००. मी म्हटलं हे ५४,००० मधून वजा करा. शेठ उसळला, "आता हिशोबच काढायचा तर मी पण व्याज लावतो." अण्णा लगेच म्हणाले, राहू दे सर, नको. मी वर्गात हा भाग मतदानाला टाकतो आणि दर वेळी वर्ग दुभंगतो, काहींना वाटतं अण्णांनी सोडलं तर आपण कोण. मला तसं वाटत नाही. व्याज कधी ठरलं नव्हतं म्हणून ते लावता येत नाही, पण शेजारच्या मागावर बसलेल्या माणसाला जो रेट मिळाला तो अण्णांना मिळायलाच पाहिजे होता, त्यांनी तेवढेच टॉवेल काढले होते. आणि अण्णांचं "राहू दे" हे त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीसमोर उभं राहून आलेलं आहे, ते मोकळ्या मनाने सोडलंय असं मी धरत नाही. शेठला मी तेव्हापासून दोनदा सांगितलंय. दुसऱ्यांदा तो चिडला नाही, म्हणाला मुलाशी बोलतो. दोन युनिटचं एक करून ईएसआयला अर्ज करायचं मुलाच्या डोक्यात आहे, अजून केलेलं नाही, आणि त्या शेडमध्ये सध्या आणखी तिघांची उचल चालू आहे.